टाकीला काय धाड भरलीय?

नारायणगावात पारख करणाऱ्यांचा तोटा नाही. टोमॅटो मार्केटातला आडत्या वीस किलोच्या क्रेटवर नुसती नजर टाकतो आणि तळाला बारका माल किती दडवलाय ते सांगतो. पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या की लांबलांबच्या गावचे यात्रा कमिटीवाले येतात, आणि सुपारीचा आकडा ठरण्याआधी वग कोणता, नाचायला किती जणी आणि जनरेटर स्वतःचा की भाड्याचा इथवर उलटतपासणी घेतात. सोयरीक जमवायची तर मुलाच्या आजोबांनी कोणाचा बांध कोरला होता का, हेसुद्धा निघतं. अशा चिकित्सक गावात माझा मेव्हणा जुना एअर कॉम्प्रेसर घेऊन आला, आणि त्याची टाकी त्याने पसंत केली ती रंगावरून.

रंग मोरपंखी होता. इतका ताजा, की उतरवून घेणाऱ्या दोघांच्या बनियनवरही थोडा थोडा आला. चाकणकडच्या कुठल्याशा भंगारवाल्याकडून, टोमॅटो पोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेंपोतून ती स्वारी आली. दोनशे लिटरची आडवी टाकी, वर दोन सिलिंडरचं हेड, मोटर आणि पट्टा. बायपासने पुणे-नाशिक रस्त्यावरची अर्धी गिऱ्हाइकं पळवल्यापासून मेव्हण्याच्या गॅरेजला काहीतरी नवं हवं होतं, आणि नवं परवडत नसल्यामुळे जुनं नवं करून आणलं होतं.

“कितीला पडला?” मी विचारलं.

“किलोवर घेतला, दाजी. भंगाराचा भाव. फसायचा प्रश्नच नाही.”

म्हणजे पत्र्याबरोबर आतल्या गंजाचेही पैसे मोजले होते. पण हे त्या वेळी मलाही कळलं नव्हतं, कारण मी भौतिकशास्त्र शिकवतो. ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं बॉइलचा नियम शिकवला, तरी सायकलमध्ये हवा भरायला मी पोरालाच पाठवतो. सासुरवाडीत मात्र याची वाच्यता झालेली नाही. तिकडे इस्त्री बिघडली, मोटर बसली किंवा आकाशात काही चमकलं की मला बोलावतात. खोडदच्या दुर्बिणीला सध्या काय ऐकू येतंय हेही मलाच विचारतात, जणू काही तिथल्या तीस डिशांचा रिपोर्ट रोज संध्याकाळी आमच्या घरी येतो.

“तुम्ही एकदा टाकीवरून नजर फिरवा,” मेव्हणा म्हणाला, “आणि ओके म्हणा.”

ओके म्हणायला बोलावलं होतं, तपासायला नव्हे. मला हा फरक कळला नाही आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

नजर फिरवली. आधी कंपनीची पाटी शोधली. अशा टाकीवर एक छोटी पाटी असते. कोणी बनवली, कोणत्या साली, किती दाबावर चालवायची, किती दाबाला तपासली, हे तिच्यावर कोरलेलं असतं. इथे पाटी होती, पण मोरपंखी रंगाखाली, आणि रंगावर शेंदराने स्वस्तिक काढलेलं होतं. खरवडायला ब्लेड घेतलं तर मेव्हण्याने हात धरला. “दाजी, खंडेनवमीचं आहे. मागच्या मालकाची पूजा आहे ती.” मग स्वस्तिकाच्या चारही पाकळ्या सांभाळून, कडेकडेने खरवडलं. दाबाचा आकडा नेमका पाकळीखाली होता. सालापैकी ‘१९’ एवढंच हाती लागलं. विसाव्या शतकातली आहे हे नक्की झालं.

“बघा, जुनं लोखंड!” मेव्हणा खूश झाला. “आत्तासारखा पत्रा नाही तो.”

मग दाबाचं मीटर. कॉम्प्रेसर बंद, नळी काढलेली, टाकी उघडी, आणि काटा तीनवर. मी म्हटलं, “अरे, हवा नसताना तीन किलो दाखवतोय.”

“म्हणजे तीन किलो बोनस!”

त्यानंतर सेफ्टी वॉल. दाब मर्यादेबाहेर गेला की हा आपोआप उघडून जादा हवा सोडतो, आणि तो जिवंत आहे का हे अधूनमधून बघता यावं म्हणून त्याला ओढायची एक कडी असते. मी कडी ओढली. हलली नाही. पकडीने ओढली, पकडीचे दात रंगात रुतले. रंगाऱ्याने टाकीबरोबर वॉलही मनापासून रंगवला होता आणि तो जागच्या जागी थिजला होता. कडीला मात्र वाळलेलं लिंबू आणि पाच मिरच्या होत्या. इतक्या वर्षांत त्या कडीचा कोणी केलेला तो एकमेव उपयोग.

रात्री घरी जेवताना हे सांगितलं, तर माझी बायको हातातला डाव तसाच धरून म्हणाली, “शिट्टीला रंग फासून कुकर लावतं का कोणी?” आमच्याकडे ती कुकरची शिट्टी उजेडाकडे धरून भोक बघते, मग लावते. रबराची रिंग सैल वाटली तर त्या दिवशी पातेल्यात भात होतो. विज्ञानात तिला कधी पहिला वर्ग मिळाला नाही. मला राहवेना, मी तिला सांगितलं, की ही झडप ज्याने शोधली तो डेनिस पापँ बॉइलचाच मदतनीस. १६७९ मध्ये, म्हणजे शिवनेरीवर जन्मलेले आपले महाराज रायगडावर हयात असताना, त्याने लंडनमध्ये पहिला कुकर केला आणि त्याला वाफ सोडायची झडप बसवली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या विद्वानांना त्यात शिजवलेलं जेवणही वाढलं. मटणाची हाडंसुद्धा मऊ झाली होती म्हणतात.

“त्याला कळलं ते माझ्या भावाला का नाही कळत?” बायकोने विचारलं. पापँची बायको कोण होती यावर ते अवलंबून असावं, असं मी म्हणणार होतो, पण आमटी अजून वाढायची होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो तर तज्ज्ञांचं मंडळ आधीच बसलेलं. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर निदान त्याला विचारून सल्ला देतात. टाकीला विचारायचीही सोय नाही. वेल्डर म्हणाला, “संशय आहे ना? मग वरून पॅच मारतो. दोन इंची पट्टी, आयुष्यभर बघायला नको.” कोणाचं आयुष्य, हे त्याने सांगितलं नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर झालेला पुतण्या फोनवर व्हिडिओ लावून बसला होता, त्यातल्या टाक्या एकामागून एक छपरातून बाहेर जात होत्या आणि तो प्रत्येक वेळी “सिक!” म्हणत होता. द्राक्षबागायतदार असलेले एक शेजारी म्हणाले, “आमच्या ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरला कधी कोणी हात लावला नाही. वीस वर्षं झाली. काय झालं?” काही झालं नाही, हा आपल्याकडे सर्वांत मोठा पुरावा. तो देणारा माणूस समोर धडधाकट उभा असतो, त्यामुळे खोडताही येत नाही. ज्यांचं काही झालं ते चर्चेला येत नाहीत.

गंमत म्हणजे हीच मंडळी रात्री उसात पाचट खसखसलं तरी बिबट्या म्हणून गावभर मेसेज टाकतात, आणि ते बरोबरच करतात. टाकी बुडाशी सुं सुं करत होती, तिला मात्र “हवा खातेय” असं लाडाने म्हणत होते. आमच्या तालुक्यात खोडदची दुर्बीण अब्जावधी प्रकाशवर्षांवरची कुजबुज पकडते. दोन फुटांवरची सुं सुं मात्र आमच्या कानांवर जात नाही.

मी खडू मागितला. खडू हातात आला की मला बळ येतं. फळा नव्हता म्हणून टोमॅटोच्या जुन्या पट्टीच्या पाठीवर पेनानेच हिशेब मांडला. दोनशे लिटर टाकी, दहा किलोचा दाब. ही दाबलेली हवा एकदम सुटली तर तिच्यात जी ताकद असते, ती सगळी वर उचलण्यातच गेली असं धरलं, तर एक टनाची मोटार साधारण सत्तावीस मीटर उचलली जाईल. मी आवाज खाली आणून म्हणालो, “सत्तावीस मीटर. म्हणजे नऊ मजले.”

शांतता पसरली. मला वाटलं, पोचलं.

“एक टनाची कुठली गाडी?” मेव्हण्याने विचारलं.

“कुठलीही.”

“मारुती आठशे धरा. ती साडेसहाशे किलोची.”

धरली. उत्तर चाळीस मीटरच्या वर गेलं. “म्हणजे खोडदची डिश पंचेचाळीस मीटर रुंद आहे,” पुतण्या म्हणाला, “जवळजवळ तेवढी उंच!” यावर सगळ्यांना विलक्षण आनंद झाला. मग रिक्षा किती जाईल, बुलेट किती जाईल, पाठीमागे बसलेल्यासकट धरायची का, यावर चहा येईपर्यंत चर्चा चालली. उचलली जाणारी वस्तू मोटार नसून मेव्हणा असेल, या मुद्द्याकडे मी सभा वळवू शकलो नाही. वर्गातही माझं असंच होतं.

मी कायदा काढला. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३१ होतं. दाबाखाली चालणाऱ्या यंत्रात सुरक्षित मर्यादेपलीकडे दाब जाणार नाही याचा बंदोबस्त करा, असं ते सांगायचं.

“आपला कुठं कारखाना आहे दाजी? मी आणि एक पोरगा.”

मुद्दा बिनतोड होता. कायदा आधी माणसं मोजतो. टाकीचा हिशेब मात्र निराळा. ती फुटण्याआधी हजेरीपट बघत नाही.

“बरं, निदान पत्र्याची जाडी तरी मोजू,” मी म्हटलं. “ध्वनिलहरी सोडून बाहेरूनच मोजणारं यंत्र असतं. चाकणच्या कारखान्यांत असेल कोणाकडे.”

“सोनोग्राफी?” मेव्हणा दचकला. “त्याला फॉर्म भरावे लागतात हो. उगाच लफडं नको.”

त्या मंडळात एकच माणूस काही बोलत नव्हता. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक मामा कोपऱ्यात टायरवर बसून तंबाखू मळत होते. चहा संपल्यावर ते उठले, टाकीखाली वाकले आणि म्हणाले, “खालचा कॉक कधी उघडला होता?”

कॉक आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. मागच्या मालकालाही नसावं. मामांनी पान्याने तो फिरवला, आधी फिरेना, मग एकदम फिरला, आणि टपरीवरच्या उकळून उकळून मेलेल्या चहाच्या रंगाचं पाणी मेव्हण्याच्या नव्या चपलांवर आलं. येतच राहिलं. बादली आणेपर्यंत थांबलं नाही, बादली आणल्यावरही थांबलं नाही.

“हवेत पाणी कुठून आलं?” पोऱ्याने विचारलं. अखेर माझ्या विषयातला प्रश्न आला होता. मी घसा साफ करून सांगू लागलो, की हवेत बाष्प असतं, हवा दाबली आणि मग टाकीत निवली की ते पाणी होऊन बुडाशी साठतं, लोखंड आतून कुजतं, म्हणून बाहेरचा रंग बघून काही कळत नाही. मी ‘सापेक्ष आर्द्रता’पर्यंत आलो तेव्हा मामा म्हणाले, “आम्ही गाडीच्या ब्रेकच्या टाकीचं पाणी रोज सोडायचो. डेपोतून बाहेर पडायच्या आधी.” माझं भाषण पाच मिनिटांचं होतं, त्यांचं दोन वाक्यांचं. पोरगा मामांकडे बघून मान हलवत होता.

मग मामांनी छोटी हातोडी घेतली. टाकी रिकामी आहे याची खात्री केली आणि बुडाकडून हलक्या हाताने वाजवत निघाले. टण. टण. टण. टण. थप. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मामांनी पुन्हा वाजवलं. थप. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं, तर मोरपंखी रंगाखाली तळहाताएवढा भाग लांबी भरून घासलेला निघाला. भिंतीला भरतात ती लांबी. मागच्या मालकाने दहा किलोच्या दाबाची जबाबदारी रंगकामातल्या लांबीवर सोपवली होती. वेल्डर म्हणाला, “बघा, म्हणूनच म्हणत होतो, पॅच मारा.” मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आपल्या गिऱ्हाइकाची आठवण होऊन निघून गेला.

“आता पाण्याची टेस्ट,” मामा म्हणाले. “मग बोलायलाच नको.”

यातली मेख साधी आहे. पाणी हवेसारखं दबत नाही. टाकी पाण्याने गच्च भरली, आतली हवा सगळी बाहेर काढली आणि हातपंपाने चालू दाबाच्या दीडपट दाब दिला, तर कमकुवत जागा पाझरेल किंवा फाटेल. पण थोडं पाणी बाहेर आलं की दाब लगेच कोसळतो. हवेने हाच प्रयोग केला तर मारुती आठशेचं उड्डाण प्रत्यक्ष बघायला मिळतं. सोपं वाटतं. आमच्या हातून सोपी गोष्टही सोप्या रीतीने होत नाही. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, हे गणित मी सोडून कोणी केलं नव्हतं आणि मी केलं होतं ते मनातल्या मनात. अर्धी टाकी भरल्यावर एक चाक जमिनीत गेलं आणि टाकी नमाजाला वाकल्यासारखी झाली. ती उचलायला जॅक लावला, तर जॅकचं तेल गळत होतं; तोही जुनाच घेतलेला. मग विटा. मग पाण्याचा पाइप अपुरा पडला म्हणून शेजारच्या बागेतला ठिबकचा तुकडा. वरचं भोक हवा जायला उघडं ठेवायचं, ते पोराने कचरा जाऊ नये म्हणून बूच लावून बंद केलं. त्यामुळे पाणी आत जायचं थांबलं आणि सगळ्यांनी टाकी भरली म्हणून टाळ्या वाजवल्या.

तोवर गावात बातमी गेली होती की अमक्याच्या गॅरेजवर टाकी फोडणार आहेत. शाळा सुटलेली पोरं आली. मार्केटातून हमाल आले. एक आजोबा खुर्ची घेऊन आले. कोणीतरी विचारलं, “किती वाजता आहे?” मेव्हण्याला एवढी गर्दी उद्घाटनालाही मिळाली नव्हती. तो मधूनमधून भांगावरून हात फिरवत होता. मी लोकांना मागे सरा, मागे सरा म्हणत होतो. त्यामुळे नक्की काहीतरी बघण्यासारखं आहे अशी त्यांची खात्री झाली आणि मागचे पुढे आले.

प्लंबरने पाइपलाइन तपासायचा हातपंप जोडला. मीटर नवं आणलं होतं. हवा नसताना ते शून्य दाखवत होतं, हे बघून मेव्हण्याला ते नादुरुस्त वाटलं. पंप सुरू झाला. दोन. चार. सहा. पोरं ओरडून आकडे मोजू लागली. आठ. मेव्हण्याने डोळे मिटून खंडोबाचं नाव घेतलं. नऊ. काटा थांबला, थरथरला आणि मागे फिरला. टाकीच्या बुडाशी, लांबी निघाली होती तिथेच, जोडाच्या कडेने घामासारखे थेंब आले. थेंबांची रेघ झाली. मग ‘फिस्स’ असा बारीक आवाज होऊन करंगळीएवढी धार उडाली, ती आजोबांच्या खुर्चीपर्यंतही पोचली नाही.

झालं. एवढंच.

“हे काय?” एक हमाल म्हणाला. “फुटली कुठं?”

“फुटली की,” मी म्हटलं, “धार बघा ना. हवा असती तर...”

“आवाज नाही झाला.”

लोक खरोखर नाराज होते. आजोबा खुर्ची उचलताना म्हणाले, “फुकट वेळ घालवला मास्तर तुम्ही.” जीव वाचला याचं दुःख एवढ्या मोकळेपणाने व्यक्त झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. काहींनी पुन्हा एकदा, पण या वेळी हवेने करून बघू, असं सुचवलं. त्यांतला एक माझा माजी विद्यार्थी होता. त्याला मी पास केलं होतं याचं वाईट वाटलं.

गर्दी पांगल्यावर मेव्हणा बराच वेळ गप्प बसला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “दाजी, आठपर्यंत तर गेली होती ना?”

“हो. पण पंधराला टिकायला हवी होती.”

“मग आपण सहावर चालवू की. पंक्चरला कशाला लागतात दहा?”

“अरे, नापास झालीय ती.”

“तुम्ही नाही का पोरांना तीस-बत्तिसाला ढकलत पुढं? ग्रेस द्या थोडे.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरोखरच नव्हतं, त्या मार्चमध्ये मी काय काय ढकललं होतं ते मला आठवत होतं. बोर्डाचा नियम टाकीला लागू करावा की टाकीचा बोर्डाला, या विचारात मी पडलो असताना मामा गॅरेजच्या आत गेले, ड्रिल मशीन घेऊन आले आणि कोणाशी एक शब्द न बोलता टाकीच्या पोटाला अंगठ्याएवढं भोक पाडून मोकळे झाले. पत्रा इतका झिजला होता की ड्रिल आरपार जायला तंबाखूची पिचकारी टाकण्याइतकाही वेळ लागला नाही. “आता कोणी मोहात पडायला नको,” ते म्हणाले.

हेड आणि मोटर चांगली निघाली. मेव्हण्याने तेवढी काढून ठेवली आणि पाटी, कागदपत्रं असलेली नवी टाकी हप्त्यावर घेतली. नव्या टाकीचा सेफ्टी वॉल तो स्वतः ओढून दाखवतो, आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याची गाडी पंक्चर असो वा नसो. लिंबू-मिरची आता शटरला आहे. जुनी मोरपंखी टाकी गॅरेजबाहेर रस्त्याकडेला पडून होती, भोक रस्त्याच्या बाजूला करून, म्हणजे कोणाची फसगत व्हायला नको.

परवा मी आणि मामा तिथे चहा पीत होतो, तर ओतूरकडची पाटी असलेली एक पिकअप थांबली. उतरलेल्या माणसाने टाकीभोवती एक चक्कर मारली, रंगावरून हात फिरवला, भोकात बोट घालून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

“शेठ,” त्याने मेव्हण्याला विचारलं, “एवढं एक भोक सोडलं तर बाकी टाकी ठणठणीत आहे ना?”

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. मामांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा ड्रिल आणायला आत गेले.